बुलाहीची नखी

वाळवंटातल्या आमच्या निर्वासित छावणीतले म्हातारे गळ्यात चामड्याची लहानशी पिशवी अडकवतात. तिच्यात तंबाखू असतो आणि हाडाची आखूड चिलीम. बुलाहीच्या गळ्यातही तशीच पिशवी होती, पण तिच्यात नख्या असत. गिटारच्या तारा छेडायच्या त्या तिकोनी चकत्या. कोणी तंबाखू मागायला आला की बुलाही पिशवी तळहातावर उलटी करून म्हणायचा, "घे, ओढ यातली कुठलीही. धूर नाही निघणार, पण कान साफ होतील."

यातली एकही विकतची नव्हती. लढाईच्या दिवसांत तो तेलाच्या डब्याला ब्रेकची तार ताणून वाजवायला शिकला, तेव्हापासून नखी आपण कापायची ही त्याची सवय. पुढे स्पेनहून आलेले पाहुणे जाताना एक लाल इलेक्ट्रिक गिटार ठेवून गेले. तिच्याबरोबर चकचकीत नख्याही होत्या, त्या त्याने पोरांना खेळायला वाटून टाकल्या. गिटार ठेवली. ट्रकच्या जुन्या बॅटरीवर स्पीकर लावून तो दारासमोरच्या वाळूत बसायचा, आणि शाळेतल्या माझ्या शेवटच्या तासाला त्याचे सूर भिंतीवरून येऊन फळ्यासमोर बसायचे. मी निवृत्त झाले तेव्हा मुलांच्या गोंगाटाआधी आठवले ते हेच.

नखी कशी निवडावी हे त्याने मला कितीदा तरी समजावलं असेल. मला वाजवता येत नाही, पण मी ऐकून घेते हे त्याला ठाऊक होतं. एकच तान तो वेगवेगळ्या नख्यांनी वाजवून दाखवायचा. दह्याच्या डब्याच्या झाकणाची नखी अगदी पातळ, चटचट करायची. तेलाच्या पिवळ्या कॅनची मध्यम, जराशी लवचीक, पण तिला तो नावं ठेवायचा. बकरीच्या शिंगाची गोल, गोड बोलायची, मात्र कडेला तुटायची. आणि त्याची लाडकी काळी, बॅटरीच्या खोक्याच्या जाड प्लॅस्टिकची. ती जराही वाकत नसे.

"ऐकलंत बाई?" तो विचारायचा. "पातळ नखी तारेला विचारते, येऊ का? तोवर नगारा पुढे गेलेला असतो. काळी विचारत नाही. एकेक सूर खजुरासारखा पडतो, आत बी असलेला."

"आणि पिवळी?"

"पिवळी बायकांनी वाजवावी." मग आतून त्याची बायको मुनीना ओरडायची, "बायका नगारा वाजवतात म्हणून तुझी ती लाकडी बकरी तालात चालते, तेस्लेमच्या बापा!"

मुनीना खरंच तोलामोलाची होती. मोठ्या लाकडी भांड्यावर ताणलेलं कातडं तिच्या तळव्याखाली आलं की बसलेल्या बायकांच्या टाळ्या आपोआप सुरू होत. आमच्या मैफिलीत सूर ठरलेल्या क्रमाने येतात. आधी चढते, मग फागू, तो मानाचा आणि लढाईचा. मग हळूहळू उतरत शेवटी लब्तैत, तो सरत्या उन्हाचा. एकातून पुढच्यात गेलं की मागे फिरायचं नाही आणि मध्येच उठायचं नाही. अर्ध्यात तुटलेली मैफल घराला लागते, असं बायका मानतात. मी शिकलेली बाई, पण मीही मानते.

या दोघांची एकुलती मुलगी तेस्लेम. माझ्या वर्गात ती शेवटच्या रांगेत बसायची आणि शेजारणीच्या हातावर पेनाने नक्षी काढायची. मी रागावायचे, आणि मग मधल्या सुट्टीत ती नक्षी न्याहाळत बसायचे. मोठी झाल्यावर छावणीतल्या सगळ्या नवऱ्या मुली मेंदीसाठी तिच्याकडे येऊ लागल्या. आमच्याकडे मेंदी चिकटपट्टीवर काढतात. पट्टी हातावर चिकटवायची, ब्लेडने तिच्यात नक्षी कापायची, आणि उघड्या पडलेल्या कातडीवर मेंदी लिंपायची. ब्लेड पट्टी कापतं आणि कातडीला ओरखडा येत नाही. यासाठी हात कसा लागतो, ते तेस्लेमचा हात पाहिल्यावर कळायचं.

तिचं लग्न झालं. नवरा कामासाठी स्पेनला गेला आणि तिथेच राहिला. ती वाट बघत राहिली. शेवटी त्याने फोन केला, तोही तिला नाही, आपल्या चुलत्याला. तलाक. चुलता येऊन उंबऱ्यातच निरोप सांगून गेला, चहालाही थांबला नाही. आपला तंबू गुंडाळून ट्रकवर टाकून तेस्लेम आईबापाच्या घरी परत आली.

यात आमच्याकडे लाज नाही. उलट बाईची इद्दत, म्हणजे तलाकनंतर थांबायची मुदत, संपली की तिची आई आणि मैत्रिणी मेजवानी देतात. ती सजून बाहेर येते, नगारा वाजतो, आणि सगळ्या छावणीला कळतं की या घराची मान ताठ आहे आणि मुलगी परत मोकळी आहे. ज्या घरात त्या दिवशी नगारा वाजत नाही, त्या घराने मान खाली घातली असं धरतात.

पण तेस्लेम ही रीत पाळण्याच्या पलीकडे गेली होती. ती आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. दिलं तर दोन घास खायची. तिचे केस विंचरणं मुनीनाने सोडून दिलं होतं, कारण डोकं हातात घेतलं की ते हातातच राहायचं, वळवावं तसं वळायचं. एकदा मी तिच्याजवळ बसले होते. भिंतीकडे बघतच ती म्हणाली, "बाई, मला कुठे ठेवायचं हे ठरलं की सांगा."

बाहेर येऊन मी मुनीनाला हे सांगितलं. अंगाभोवती गुंडाळलेल्या आपल्या मेल्हफाच्या पदराची गाठ तिने मला उघडून दाखवली. आत कागदात गुंडाळलेली मेंदीची ब्लेडं होती.

"डब्यातून काढून घेतली," ती म्हणाली. "झोपतानाही हा पदर अंगाखाली घेते."

त्या घरात असे दिवस चालले होते. आणि याच दिवसांत बुलाही रोज नवी नखी कापायला लागला.

आधी मला वाटलं, मेजवानीची तयारी चालली आहे. मग लक्षात आलं, तो वाजवण्यापेक्षा कापतोच जास्त. काळी नखी सारखी हातातून निसटायची. बॅटरीवाले आता हलकं प्लॅस्टिक वापरतात, असं तो म्हणाला. मग त्याने नखीच्या दोन्ही बाजू दगडावर घासून खरखरीत केल्या. मग मधोमध भोक पाडलं, पकड यावी म्हणून. मग नेहमीच्या दुप्पट आकाराची, उंटाच्या दाताएवढी एक कापली. प्रत्येक नखीला काहीतरी दोष निघायचा. शिंग कोरडं, कॅन जुना, डबा चिनी.

शेजारची सुकैना, जिच्या जिभेला बॅटरी लागत नाही, ती येता-जाता म्हणायची, "बुलाही, माझ्या कानातल्यांपेक्षा तुझ्या नख्या जास्त झाल्या. एखादी तरी वाजव!"

"तुझ्या कानात घालायलाच करतोय. दोन बसतील का, की एवढी बडबड ऐकून भोकं मोठी झाली?"

ती हसत पुढे जायची. तो हसायचा. मग नखीकडे बघताना त्याचा चेहरा असा व्हायचा, की मी डोळे दुसरीकडे वळवायचे.

आमच्याकडे भेटल्यावर विचारपूस लांबलचक असते. बरं ना? बरं. घरचे बरे? बरे. तब्येत? बरी. जनावरं? बरी. काही वाईट नाही ना? काही नाही. उत्तरं आधीच ठरलेली. भली रीत आहे, पण तिच्यात माणूस लपून बसू शकतो. बुलाही बरेच दिवस तिच्यातच लपला होता. मध्यंतरी त्याची एक चप्पल बाजारातून येताना वाटेत गळून पडली आणि घरी पोचेपर्यंत त्याला कळलंच नाही, तेव्हा सगळी गल्ली हसली होती. मीही हसले होते.

खरं कळलं ते चहाच्या वेळी. मुनीनाने निखाऱ्यावरची किटली उचलून उंचावरून चहा ओतला, या पेल्यातून त्या पेल्यात करत फेस आणला आणि तबक पुढे केलं. उकळता चहा, काचेचा लहान पेला. आम्ही सगळे तो वरच्या कडेला दोन बोटांनी धरतो, लहान मूलसुद्धा तसंच धरतं. बुलाहीने पेला मुठीत घेतला, आणि बोलत राहिला. कुणाच्या तरी उंटिणीबद्दल काहीतरी सांगत होता. मुनीना निखारे सारत होती, तिचं लक्ष नव्हतं.

"बघू," म्हणून मी त्याच्या हातातून पेला काढून घेतला. माझी बोटं भाजली आणि पेला तबकावर आदळला.

सांडलेल्या चहावर टाकायला मुनीना वाळू आणायला बाहेर गेल्यावर मी विचारलं, "कधीपासून?"

"काय कधीपासून?"

"बुलाही, पोरांच्या खोट्या पोटदुख्या बघण्यात माझा जन्म गेला."

तो हसला. मग हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं आणि डोळे भरले.

"पायापासून सुरू झालं. मग हात. आधी मुंग्या यायच्या, आता त्याही येत नाहीत. नखी बोटात आहे की नाही, हे मला बघून कळतं, बाई. बघितलं नाही तर कळत नाही."

"दवाखान्यात?"

"साखर आहे म्हणतात. चहात घालू नका म्हणतात. ती नर्सच आमच्याकडे येऊन तीन-तीन पेले पिऊन जाते." त्याने तळहात उलटासुलटा करून पाहिला, जणू कुणा दुसऱ्याचा हात तपासतो आहे. "मी नख्यांना दोष देत होतो. मला माहीत होतं, पण देत होतो."

"सिदाहमदला बोलवू या." सिदाहमद पलीकडच्या वस्तीत कीबोर्ड वाजवतो. हल्ली लग्नांना त्यालाच बोलावतात.

"त्याच्या पेटीतून नगारा वाजतो, टाळ्याही वाजतात. मग आमच्या बायकांनी काय करायचं, झोपायचं?" मग तो एकदम हळू बोलायला लागला. "बाई, ती कुणाचं ऐकत नाही. जेव म्हटलं तर नाही, ऊठ म्हटलं तर नाही. पण मी वाजवायला बसलो की कूस बदलते. मुनीनाने पाहिलंय. एवढा एकच धागा राहिलाय, आणि तोही या बोटांत. फागू ऐकून ती उठली नाही, तर मग मला दुसरं काही येत नाही. मी काय बोलून उठवणार तिला? मला बोलता कुठे येतं?"

"मुनीनाला तरी सांग."

"तिच्या पदरात आधीच एक गाठ आहे," तो म्हणाला.

त्या दिवसानंतर मी त्याच्या बाजूची झाले. आम्ही दोघं मिळून नख्या करून बघू लागलो, जणू परीक्षा जवळ आलेले दोन ढ विद्यार्थी. अंगठ्यात अडकवायची तारेची कडी वळवून पाहिली, पण ती वरून खाली वाजवू देई, खालून वर नाही. दोऱ्याने बांधून पाहिली. दोरा सैल झाला की नखी फिरायची, आवळला की बोट काळंनिळं व्हायचं, आणि त्याला काही कळायचं नाही. शेवटी त्यालाच सुचलं. बाभळीचा डिंक, जो आमच्या बायका औषधात घालतात. ओला करून बोटाला लावायचा, नखी दाबून धरायची, वाळू द्यायचा. काळी नखी घट्ट बसली. त्याने फागूची सुरुवात वाजवली आणि माझ्याकडे बघितलं. लहान मुलाने पाटी दाखवावी तसं.

मी आत तेस्लेमकडे गेले. ती भिंतीकडेच तोंड करून होती.

"काळी आहे," ती म्हणाली.

"काय?"

"आज काळी आहे. काल शिंगाची होती. परवा ती मोठी, तिचा आवाज पत्र्यासारखा यायचा. मध्ये एकदाच पिवळी होती." मग म्हणाली, "बाबांच्या हाताला काय झालंय?"

कुणाला सांगणार नाही, असा मी बुलाहीला शब्द दिला होता. "काही नाही, बरं आहे," म्हणाले. ठरलेलं उत्तर. तिने डोळे मिटले.

मेजवानी थंडीत ठरली, दुपारच्या नमाजानंतर. दारासमोर तेस्लेमचाच तंबू उभारला होता, जो तिने लग्नाआधी मैत्रिणींबरोबर शिवला होता. उंटाचं मांस शिजत होतं. बायका येत होत्या, रंगीत मेल्हफांची रांगच्या रांग, आणि येतायेताच तोंडात जीभ भराभर हलवून आरोळ्या ठोकत होत्या. कोणी म्हणालं, "त्या स्पेनवाल्याला ऐकू जाऊ दे!" कोणी म्हणालं, "त्याला नको, त्याच्या चुलत्याला. तो अजून उंबऱ्यातच उभा असेल." हशा झाला. पण सगळ्यांचे डोळे खोलीच्या दाराकडे जात होते, आणि दार बंद होतं. मैत्रिणींनी तिला नवं मेल्हफा नेसवलं होतं. ते तेवढं तिने नेसवू दिलं. हाताला मेंदी नको म्हणाली. बाहेर येणार का विचारल्यावर भिंतीकडे वळली.

बुलाही डिंक लावून, हात मांडीवर उपडा ठेवून बसला होता. डिंक वाळेपर्यंत हात हलवायचा नाही म्हणून त्याने कुणाला हातही दिला नाही. लोकांना वाटलं, ताठ आहे आज, मुलीचा दिवस आहे.

आणि इथेच आमची रीत आडवी आली. पाहुणे बसले की घरातली किंवा शेजारची बाई सुगंधी पाणी घेऊन फिरते आणि सगळ्यांच्या हातांवर, डोक्यावर शिंपडते. वाजवणाऱ्याचा मान सगळ्यात मोठा. सुकैना बाटली घेऊन आली. एरवी त्याला टोमणे मारणारी सुकैना त्याच्यासमोर गुडघ्यांवर बसली, म्हणाली, "आज काही बोलणार नाही बुलाही, आज तू फक्त वाजव," आणि तिने त्याचा उजवा हात दोन्ही हातांत घेऊन त्यावर अर्धी बाटली ओतली. मी लांब बसले होते. मी उठेपर्यंत डिंक भिजला होता. तो नको म्हणू शकला नाही. नको म्हणायला कारण सांगावं लागलं असतं.

तरीही सुरुवात झाली. मुनीनाने नगाऱ्यावर तळवा टाकला, बायकांच्या टाळ्या जुळल्या, आणि पहिले सूर उभे राहिले. मग फागू. मी त्याचा फागू खूपदा ऐकला होता, पण त्या दिवशीचा वेगळाच होता. त्यात मान कमी आणि हाक जास्त होती. एकेक सूर दारावर जाऊन आदळत होता. बायका ओरडत होत्या, म्हातारे वाळूवर काठ्या आपटत होते, आणि बुलाही मान वर करून फक्त त्या दाराकडे बघत होता. हाताकडे त्याचं लक्ष नव्हतं.

दार उघडलं नाही.

फागू संपला. मागे फिरता येत नाही, तो पुढच्या सुरांत गेला. आणि थोड्या वेळाने आवाज बसला. सूर बोथट झाले, मग नुसते घासल्यासारखे येऊ लागले. बुलाहीने वळून स्पीकरकडे पाहिलं. एका हाताने बॅटरीची तार हलवली, परत वाजवू लागला. परत तसाच आवाज. त्याने स्पीकरवर थाप मारली. बिचारा स्पीकर. मी पाहिलं, नखी त्याच्या पायाशी वाळूत पडली होती, आणि तो उघड्या बोटाने पोलादी तारा ओढत होता. नख अर्धं निघालं होतं. लाल गिटारवर रक्त ओघळत होतं, आणि लालवर लाल म्हणून कुणाच्या लक्षात येत नव्हतं. त्याच्याही नाही.

मुनीनाने पाहिलं तेव्हा तिचा हात नगाऱ्यावर थांबला. टाळ्या थांबल्या. त्याने सगळ्यांच्या नजरा पाहिल्या, मग खाली पाहिलं.

मैफल तुटली. सुकैनाच्या हातात ती बाटली होती. ती बाटलीकडे बघत राहिली, आणि मग तिने तोंडावर पदर घेतला. बुलाही वाळूत चाचपडत नखी शोधायला लागला. ती त्याच्या हाताखाली दोनदा आली आणि त्याला लागली नाही. म्हातारा माणूस सगळ्यांसमोर गुडघ्यांवर आहे आणि डोळ्यांसमोरची वस्तू त्याच्या हाताला सापडत नाही, हे बघणं फार कठीण होतं. तो पुटपुटत होता, "काळी कुठे गेली? इथेच होती. इथेच होती."

तेव्हा दार उघडलं.

तेस्लेम भिंतीला धरत आली, इतके दिवस ती पडूनच होती. ना मेंदी, ना काजळ. तिच्या हातात मेंदीचा डबा होता. ती सजवलेल्या गादीकडे गेली नाही. बापासमोर वाळूत बसली, त्याचा हात उचलून मांडीवर घेतला आणि मेल्हफाच्या टोकाने पुसला.

"बाबा, हे दुखत नाही?"

"नाही गं," तो म्हणाला. आणि या वेळी ते ठरलेलं उत्तर नव्हतं.

तिने डबा उघडला. आत चिकटपट्टीचं रीळ होतं. तिने मागे न बघता आईकडे हात पसरला.

"आई, ब्लेड."

मुनीना जागची हलली नाही. तिचा हात पदराच्या गाठीवर गेला आणि तिथेच मिटला. तो हात किती वेळ तसा होता, मला सांगता येणार नाही. मला एवढंच आठवतं, की मी मनात म्हणत होते देऊ नको, आणि त्याच वेळी म्हणत होते दे. तेस्लेमने हात मागे घेतला नाही. दमली तेव्हा कोपर गुडघ्यावर टेकवलं, पण हात पसरलेलाच ठेवला.

मुनीनाने दातांनी गाठ सोडली. एक ब्लेड काढून मुलीच्या तळहातावर ठेवलं, आणि आपला हात त्याच्यावरून लगेच उचलला नाही.

तेस्लेमने पट्टी कापली. आधी जखमेवर फडकं बांधलं. मग बापाच्या गळ्यातली पिशवी काढून मांडीवर उलटी केली. काळ्या, शिंगाच्या, भोकाच्या, खरखरीत केलेल्या, इतक्या दिवसांची सगळी धडपड तिच्या मांडीवर पसरली. तिने एकेक उचलून वाकवून पाहिली आणि पिवळी निवडली.

"ही?" बुलाही म्हणाला. "ही बायकांची. काळी दे."

"काळी वाकत नाही बाबा. पूर्वी तुमचा हात वाकायचा, म्हणून काळी चालायची. तारेला किती दाबायचं ते बोटाला कळायचं. आता बोटाला कळत नाही, तर नखीला कळू दे."

"पण फागूला ही..."

"फागू झाला. मी आतून ऐकला," ती म्हणाली. "आता उतरायचंय."

तिने पिवळी नखी त्याच्या अंगठ्याजवळच्या बोटाला लावली, टोक तेवढं तांदळाच्या दाण्याइतकं बाहेर ठेवलं आणि पट्टीच्या अरुंद फिती आडव्या-तिडव्या गुंडाळल्या. नवरीच्या हातावर गुंडाळतात तशा. ब्लेड बापाच्या कातडीला कुठे लागलं नाही. मग ती त्याच्या उजव्या बाजूला, गिटारला चिकटून बसली आणि त्याच्या मनगटाखाली आपला तळवा धरला.

मुनीनाने तळवा टाकला. पिवळी वाजली. आवाज पूर्वीसारखा नव्हता. सूर जरा उशिरा येत होते, जरा वाकून येत होते. आणि मुनीना, जिने आयुष्यात कधी कुणासाठी ताल धरून ठेवला नाही, तिने त्या दिवशी नगारा किंचित मागे ओढला. बायकांच्या टाळ्याही मागे आल्या. अशा रीतीने आम्ही सगळे लब्तैतपर्यंत पोचलो. कुणी आरोळी ठोकली नाही. मैफल पुरी झाली एवढंच.

मेजवानीचं मांस थंड झालं होतं. सुकैनाने ते परत गरम केलं. तेस्लेमने बापाच्या ताटातले चार घास खाल्ले.

बोट वाचलं नाही. ती जखम चिघळत गेली आणि शेवटी दवाखान्यात पेर काढावं लागलं. नर्स रागावली, एवढं होईपर्यंत काय करत होता म्हणाली. बुलाही म्हणाला, "वाजवत होतो." तेस्लेम सगळी बरी झाली असं मी म्हणणार नाही. अजूनही काही दिवस ती भिंतीकडे तोंड करून पडते, आणि त्या दिवसांत मुनीना उंबऱ्यातच बसून राहते. पण ब्लेडं आता मेंदीच्या डब्यात असतात.

परवा संध्याकाळी मी गेले तर बुलाही दारात बसला होता, उजवा हात पुढे करून. नखी आता मधल्या बोटाला बांधावी लागते. तेस्लेम पट्टी कापत होती. मांडीवर दोन नख्या होत्या, दोन्ही पिवळ्या, आणि दोघांचा वाद चालला होता.

"ही जास्त जाड आहे."

"जाड नाही बाबा, नवी आहे. वाजवून बघा."

"काळीने एकदा..."

"हात सरळ धरा," ती म्हणाली, आणि त्याने धरला.